गरम पाणी आहे ना, सिन्योरा?

२० जानेवारी

डायरीबाई, माफी असावी. तुम्ही एक तारखेलाच घरात आलात आणि पहिली ओळ मी आज लिहितो आहे. इतका उशीर मी आयुष्यात कशालाच केलेला नाही. स्वतःच्या लग्नाला तर अर्धा दिवस आधी जाऊन बसलो होतो. पण आधी चष्मा हरवला, मग सापडला, मग पोंगल आला, आणि त्याच दिवशी असं काही घडलं की लिहायला धीरच होईना.

तुम्हाला जावई वादिराजांनी ओरत्तनाडूहून पाठवलं. खताच्या कंपनीची डायरी, प्रत्येक पानाखाली भाताला युरिया कधी द्यावा ते तमिळमध्ये छापलेलं. मी मात्र देवनागरीत लिहितो. वडिलांनी मला पोथीपुरती शिकवली, मी माझ्या मुलीला, वाणीला शिकवली; मुलगा श्रीकर शिकवायला बसलो की पळून जायचा. त्यामुळे या घरात हे वाचणारं कुणी नाही आणि मनातलं लिहायला भीती नाही. आठवीच्या पुढे मी गेलो नाही, तेव्हा चुका पोटात घाला.

तर घडलं ते असं. माझी खोली गेली, आणि ती मी स्वतःच्या तोंडाने घालवली.

सून नागलक्ष्मीने वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी दोन खोल्या केल्या आहेत. राजवाडा, सरस्वती महाल, मोठं देऊळ बघायला परदेशी माणसं येतात, त्यांना लॉजपेक्षा घर आवडतं म्हणे. वरची तिसरी खोली माझी. तिची खिडकी गल्लीवर उघडते. त्या खिडकीशी बसून मी सकाळी कुणाच्या दारात रांगोळीचा केवढा कोलम पडला ते बघतो आणि संध्याकाळी कोण कुणाशी बोलत नाही ते बघतो.

पोंगलच्या दिवशी जेवताना नागलक्ष्मी म्हणाली, "इटलीहून एक जोडपं येतंय, पुदुच्चेरीच्या टूर ऑफिसकडून. त्यांना आवडलं तर ते ऑफिस वर्षभर माणसं पाठवेल. पण त्यांना गल्लीकडची खिडकी पाहिजे. काय करू कळत नाही."

मी म्हणालो, "त्यात काय कळायचंय? माझी खोली द्या. मला काय, मी कुठेही पडेन."

आता यावर रीत काय आहे? समोरच्याने म्हणायचं, "छे छे, मामंजी, असं कसं होईल!" मी म्हणायचं, "अगं, असू दे." तिने म्हणायचं, "मुळीच नाही." मग मी पान पुढे ओढायचं आणि सगळ्यांनी रसमभात वाढून घ्यायचा. आमच्या घराण्यात कुणी काही देऊ केलं तर ते असंच परत मिळत आलेलं आहे.

नागलक्ष्मी म्हणाली, "थँक्स, मामंजी! मोठा प्रश्न सुटला."

ती वाईट नाही. तिचे वडील रेल्वेत होते, तिचं लहानपण गावोगावच्या क्वार्टरांत गेलं. तिच्याकडे हो म्हणजे हो आणि नको म्हणजे नको. श्रीकरने माझ्याकडे पाहिलं. मी पापडाकडे पाहिलं.

आता मी स्वयंपाकघरामागच्या कोठीच्या खोलीत आहे. आयुष्यभर तांदळाच्या गिरणीत वजनकाट्यावर उभा राहून पोती मोजली. आता पोती मला मोजतात. तक्रार नाही.

२२ जानेवारी

वाणीचा ओरत्तनाडूहून फोन आला. "अप्पा, काही दिवस इकडे या ना."

मी म्हणालो, "बघू." पण दिवसभर मनातून जाईना. काही दिवस म्हणजे किती? ती तर दर पोंगलला 'चार दिवस या' म्हणते. चार आणि काही यात फरक आहे. तिला कुणी सांगितलं? मला तर स्पष्ट दिसतं. माणूस आधी वरून खाली येतो, मग खालून बाहेर जातो. कोठीची खोली म्हणजे बसस्टँड आहे.

वादिराज मोठे सज्जन आहेत. पण ते पंपाच्या मोटरीविषयी बोलू लागले की कालवा आटतो, ते आटत नाहीत. आणि तिथे मला काय काम? इथे दूध मी घेतो, भाजीवालीशी भांडण मी करतो, दार कुणी वाजवलं तर आधी मी खोकतो.

श्रीकरला विचारावंसं वाटतं, की बाबा, पाहुणे गेल्यावर माझी खोली मला मिळणार ना? पण स्वतःहून विचारणं बरं दिसत नाही.

एक मात्र खरं. उपयोगी माणसाला कुणी बाहेर पाठवत नाही. पाहुणे येण्याआधी उपयोगी व्हायला हवं.

२३ जानेवारी

उपाय सापडला!

त्यागराज राजवाड्याच्या फाटकाजवळ मान डोलावणाऱ्या बाहुल्या विकतो. शाळेत तो माझ्याच बाकावर होता आणि माझ्याच वर्षी शाळेतून बाहेर पडला. त्याच्याकडे कुणा प्रवाशाने विसरलेलं एक पातळ पुस्तक आहे. त्यात एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला इटालियन, आणि उच्चार कसा करायचा तेही लिहिलेलं. सातवा धडा: हॉटेलात काय काय सोयी आहेत ते कसं विचारावं.

"डेय बाळ्या," त्यागराज म्हणाला, "हे सगळे गिऱ्हाइकाने विचारायचे प्रश्न आहेत. तू घरमालक. तुला उत्तरं पाहिजेत. यात उत्तर कुठे आहे?"

मी म्हणालो, "उत्तरं पाहुणे देतील. घरात पाहुणा आला की कोण विचारतं? आपणच ना? पाणी गरम आहे ना? पंखा चालतो ना? उशी पुरते ना? पाहुण्याला तोंड उघडून मागायची वेळ आली तर ते घर कसलं?"

"ते सरी, बरोबर. पण तू घरमालक आहेस हे त्यांना कसं कळणार?"

"न कळायला काय झालं? मी घरातच असेन की."

समोरच्या बाहुल्यांनी माना डोलावल्या.

२६ जानेवारी

कोठीच्या खोलीत अभ्यासाला शांतता आहे. फक्त इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर भिंतीपलीकडे सुरू झाला की माझं मलाच ऐकू येत नाही. पण त्याचा फायदा असा की मोठ्याने म्हणता येतं.

चे लाक्वा काल्दा? गरम पाणी आहे ना?

ला कोलात्सिओने ए इन्क्लूसा? न्याहारी धरलेली आहे ना?

पोस्सो आवेरे उन आल्त्रो कुशीनो? आणखी एक उशी मिळेल का? हे पाहुण्याच्या बाजूने झालं, पण उशीचं नाव निघालं की पुढचं आपोआप समजतं.

ला कामेरा आ ऊना फिनेस्त्रा? खोलीला खिडकी आहे ना? हे वाक्य मला सर्वांत चांगलं येतं.

केस वाळवायच्या यंत्राला ते आशुगाकापेल्ली म्हणतात. माझ्या डोक्यावर केस उरलेला नाही, पण शब्द तोंडात जिलबीसारखा फिरतो, म्हणून पाठ केला.

नागलक्ष्मीने ऐकलं. म्हणाली, "मामंजी, तुम्ही कशाला त्रास घेता? माझ्या फोनमध्ये सगळं भाषांतर होतं."

"त्रास कसला?"

"आणि पाहुण्यांसमोर फार उभे राहू नका. तुम्हाला दमायला होईल."

माझ्या दमण्याची तिला किती काळजी! मी आणखी जोराने अभ्यासाला लागलो.

२८ जानेवारी

पाहुणे आले. बाईंचं नाव ब्रुनेल्ला, वय माझ्या वाणीपेक्षा बरंच जास्त, आवाज खणखणीत. नवऱ्याचं नाव साव्हेरिओ, त्यांना आवाज नाही. नागलक्ष्मी त्यांचं सामान वर पोचवून स्वयंपाकघरात गेली, तेवढ्यात मी आंघोळ करून, खांद्यावर टॉवेल टाकून जिन्यापाशी आलो. बाई खाली उतरत होत्या. मी हात जोडले आणि म्हणालो, "चे लाक्वा काल्दा, सिन्योरा?"

बाई जिन्यातच थांबल्या. मग दोन्ही हातांनी माझे हात धरून इतकं बोलल्या की साव्हेरिओ वरून डोकावले. मला त्यातलं एकच कळलं, कारण ते पुस्तकात होतं: 'नोन लो सो', मला माहीत नाही. बरोबरच आहे. नुकत्या आलेल्या बाईला गरम पाण्याचं काय माहीत? पण मी विचारलं हे त्यांना फार आवडलं. मला काळजीने वरपासून खालपर्यंत बघत होत्या.

२९ जानेवारी

आज फार चमत्कारिक झालं. सकाळी ब्रुनेल्लाबाई वरून मोठा जग भरून वाफाळतं पाणी घेऊन आल्या आणि तो माझ्या हातात दिला. मला वाटलं, यांच्या देशात पाहुण्याने घरच्या वडीलधाऱ्याला पहिल्या सकाळी गरम पाणी देण्याची चाल असावी. खालच्या न्हाणीघरात गीझर नाही, त्यामुळे पाणी सत्कारणी लागलं. रिकामा जग परत कसा करायचा? त्यात केळ्यांची फणी घालून पाठवली.

मग न्याहारी. टेबलाला खुर्च्या चारच, तेव्हा मी पाहुण्यांचं आणि घरच्यांचं आटोपल्यावर बसतो. दाराशी उभा राहून मी चौकशी केली, "ला कोलात्सिओने ए इन्क्लूसा?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आपल्या ताटाकडे पाहिलं, आणि दोन इडल्या बशीत घालून माझ्यापुढे धरल्या!

मी अर्थातच म्हणालो, "नो, नो."

त्यांनी इडल्या परत घेतल्या.

मी दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत थोडा वेळ उभा राहिलो. त्या खाऊ लागल्या, पण चेहरा उतरलेला. म्हणजे हे लोकही नागलक्ष्मीच्याच पंथातले. भूक मात्र लागली होती.

३१ जानेवारी

काल मी जिन्यात उशीची चौकशी केली. आज बाईंनी मला उशी आणून दिली. चांगली कापसाची, मऊ, एका कोपऱ्याला जुनी शिवण. डोकं टेकलं आणि ओळखीची वाटली. दुपारी छान झोप लागली.

मग उगाच शब्द वाया जाऊ नये म्हणून मी आशुगाकापेल्लीची चौकशी केली. बाईंनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. साव्हेरिओंकडे पाहिलं. दोघं हलक्या आवाजात काही बोलली. मग साव्हेरिओ वर जाऊन केस वाळवायचं यंत्र घेऊन आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, तोंडातून शब्द न काढता, माझ्या हातात देऊन गेले. या माणसाचं मन मोठं आहे.

आता याची परतफेड काय करायची? दिलेला आहेर रिकाम्या हाताने घेऊ नये. त्यागराजकडे गेलो आणि एक बाहुली मागितली.

"उशीबद्दल एक, यंत्राबद्दल एक," तो म्हणाला. "असं चाललं तर मला वर्षभर दुसरं गिऱ्हाईक नको. काय रे, उद्या पलंग माग."

"मी काही मागत नाही. मी चौकशी करतो."

"तेच म्हणतो. चौकशी कर पलंगाची."

दोन बाहुल्या आणून बाईंना दिल्या. त्यांचे डोळे भरले. बाहुल्या काही इतक्या चांगल्या नव्हत्या.

१ फेब्रुवारी

बाईंनी आज पंखा आणला. मी फक्त 'पंखा नीट चालतो ना' एवढंच विचारलं होतं. साव्हेरिओंनी कोठीच्या खोलीत येऊन माझा जुना पंखा पाहिला. तो मान खाली घालून फिरतो, म्हणजे वारा फक्त पोत्यांना लागतो. त्यांनी नवा पंखा माझ्या उशाशी लावून दिला. हा पंखा श्रीकरने दिवाळीला वरच्या खोलीसाठी आणला होता तसाच दिसतो. आजकाल सगळीकडे एकसारखाच माल.

पण बाई तिथे आल्यामुळे मला लाज वाटली. खाट पोत्यांच्या मधोमध, वर दोरीला माझी दोन धोतरं, कोपऱ्यात चिंचेची बरणी. बसायला खुर्ची नाही, तेव्हा निदान घरमालकाला शोभेल असं काही विचारावं म्हणून त्यांच्या खोलीची चौकशी केली. त्या खोलीची मला रोज आठवण येते, म्हणून आवाज जरा कापला असेल.

"ला कामेरा आ ऊना फिनेस्त्रा?"

बाईंनी चारी भिंतींकडे सावकाश पाहिलं. मग रुमाल काढून डोळे पुसले आणि निघून गेल्या.

मिरचीच्या पोत्याचं तोंड उघडं राहिलं होतं. मी लगेच बांधून टाकलं.

तिकडे नागलक्ष्मी दुपारभर वैतागलेली. "वरच्या खोलीतल्या वस्तू जातात कुठे? उशी नाही, पंखा नाही, ड्रायर नाही! विचारायला जावं तर बाई माझ्याकडे अशा बघतात, जसं काही मीच चोरल्या." मी म्हणालो, "पाहुण्यांवर संशय घेऊ नये." मी तिला बाईंचे आहेर दाखवणार होतो, पण तिला मिळाले नसतील तर उगाच वाईट वाटायचं.

२ फेब्रुवारी

आज रविवार म्हणून सगळे एकत्र जेवलो, माझ्यासाठी स्टूल आणलं. ब्रुनेल्लाबाईंनी सांबारभाताला 'बास्ता', म्हणजे पुरे, म्हटलं. पहिला बास्ता कुणी मोजतं का? मी वाढलं. त्यांनी पुन्हा म्हटलं. दुसऱ्या बास्ताला थोडंच वाढावं, तेवढंच वाढलं. तिसऱ्याला त्यांनी पानावर दोन्ही हात पसरले, तेव्हा मी समजलो की आता खरं सांगताहेत. पोट भरून जेवल्या बिचाऱ्या. हलता येत नव्हतं.

बघा, इतकं सोपं आहे. तीनदा विचारलं की माणसाचं खरं कळतं.

३ फेब्रुवारी

डायरीबाई, संपलं सगळं.

न्याहारीनंतर ब्रुनेल्लाबाईंनी नागलक्ष्मीला आणि श्रीकरला पडवीत बोलावलं आणि स्वतःचा फोन मध्ये धरला. त्यांनी इटालियन बोलायचं, फोनने तमिळ. फोन अगदी रेडिओच्या बातम्यांसारखं तमिळ बोलतो. मी दाराआड होतो.

फोन म्हणाला, "आम्ही इथे आनंदात आहोत. परंतु खालच्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्ध ग्राहकाशी आपली वागणूक योग्य नाही."

मला आश्चर्य वाटलं. खालच्या मजल्यावर कुणी ग्राहक राहतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

फोन पुढे म्हणाला, "ते रोज अत्यंत नम्रपणे विचारतात, गरम पाणी आहे का. न्याहारी समाविष्ट आहे का. दुसरी उशी मिळेल का. त्यांच्या खोलीला खिडकी नाही. तिथे तांदूळ आहे. इथे कुणी ऐकत नाही म्हणून हा सज्जन आमच्या भाषेत विचारतो. त्यांना आमची खोली द्या. आम्ही तांदळासोबत झोपण्यास तयार आहोत."

रस्त्यावर उसाच्या रसाच्या गाडीचे घुंगरू वाजले. मग श्रीकर खोकला. मग सगळ्यांनी दाराकडे पाहिलं आणि मला बाहेर यावं लागलं.

"हे ग्राहक नाहीत," नागलक्ष्मी फोनला म्हणाली. "हे माझे सासरे आहेत. त्यांचंच घर आहे हे."

फोनने ते इटालियनमध्ये सांगितलं. ब्रुनेल्लाबाईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. साव्हेरिओ पहिल्यांदाच बोलले. काय बोलले ते फोनने सांगितलं नाही.

नागलक्ष्मी माझ्याकडे वळली. "मामंजी, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, खाली बरं आहे ना म्हणून. तुम्ही म्हणालात, उत्तम."

"म्हणालो खरा."

"मग?"

मग काय सांगू? पहिल्या खेपेला माणूस उत्तमच म्हणणार. मी म्हणालो, "परवाइल्लै, परवाइल्लै, काही हरकत नाही. चूक माझीच. मी प्रश्न जरा जास्त विचारले."

ती उठून आत गेली. आता तिचा धंदा बुडाला तो माझ्यामुळे. पुदुच्चेरीचं ऑफिस कशाला माणसं पाठवेल? थोड्या वेळाने ती हॉलमध्ये फोनवर बोलताना ऐकलं. "ओरत्तनाडू" असं ऐकलं, "अप्पा" असं ऐकलं, "मला कसं कळलं नाही" असं ऐकलं, आणि ती नाक ओढत होती. म्हणजे ठरलं. रडण्याइतकी ती रागावली आहे.

मी ट्रंक बांधली. दोन धोतरं, चष्म्याचं घर, युरियासह तुम्ही. उशी माझी नाही, पण ब्रुनेल्लाबाईंनी प्रेमाने दिली आहे, तेव्हा तीही घेतली.

४ फेब्रुवारी, सकाळ

पाहुणे गेले. ब्रुनेल्लाबाईंनी माझे दोन्ही गाल धरून मुका घेतला, भर गल्लीत. समोरच्या घरातून तिघीजणी बघत होत्या. त्यांना वाटेल ते वाटू दे. साव्हेरिओ जाताना माझ्यासमोर हात जोडून म्हणाले, "गरम पाणी आहे ना?" मराठीत! नागलक्ष्मीकडून शिकले असणार. मी म्हणालो, "आहे, आहे," आणि नंतर पडवीच्या खांबामागे जरा वेळ उभा राहिलो.

टूर ऑफिसचा फोनही आला. बाईंनी गाडीतूनच कळवलं की घर चांगलं आहे आणि सांबारभात घातक आहे. ऑफिस येत्या सोमवारी जर्मन जोडपं पाठवतं आहे. म्हणजे धंदा बुडाला नाही! मग ओरत्तनाडू कशाला?

४ फेब्रुवारी, दुपार

अय्यो, डायरीबाई. अय्यो.

मी कोठीच्या खोलीत ट्रंकेवर बसलो होतो. नागलक्ष्मी आली, हात पुसत. पदराला पीठ लागलेलं. दारातच उभी राहिली. खोलीकडे तिने असं पाहिलं की जणू कधी पाहिलीच नव्हती. मग म्हणाली, "मामंजी, तुमचं सामान वर नेऊ का? तुमची खोली तुमचीच. जर्मन लोकांना मी मागच्या बाजूची देईन, खिडकीचं मी बघते."

आणि मी काय म्हणालो?

"नको, नको! मी इथे मजेत आहे."

तोंडातून आपोआप गेलं. शिंक येते तसं. माझ्या वडिलांच्या तोंडूनही हेच गेलं असतं, त्यांच्या वडिलांच्याही. मी मान खाली घालून दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बसलो. 'मुळीच नाही, मामंजी' म्हणायला किती वेळ लागतो?

तिचा चेहरा पडला. मग हळू आवाजात म्हणाली, "बरं. तुमच्या मनाविरुद्ध काही नको," आणि गेली.

मी दारापर्यंत गेलो. खोकलो. ती मागे वळली, म्हणाली, "पाणी देऊ?"

मी म्हणालो, "नको."

५ फेब्रुवारी

त्यागराजला सगळं सांगितलं. तो इतका हसला की एक बाहुली फळीवरून पडली.

"जा आणि सरळ सांग, मला माझी खोली पाहिजे."

"स्वतःहून?"

"मग कुणाहून?"

"आपल्या सुनेकडे तोंड उघडून मागू? काय बोलतोस?"

"इटालियनमध्ये माग. ते तुला बरं जमतं," तो म्हणाला. मग माझं तोंड बघून त्याने हसणं थांबवलं. म्हणाला, "वाणीला लिही. मी फोटो काढून तिच्या फोनवर पाठवतो. तुला फोनवर बोलायचं झालं तर सगळी गल्ली ऐकते."

म्हणून, वाणी, पुढचं तुला. आधीची पानं वाचू नकोस. त्यागराज फोटो फक्त याच पानाचा काढणार आहे, अशी शपथ मी त्याला घातली आहे.

पोरी, तुझ्या वहिनीला फोन कर. मी सांगितलं असं सांगू नकोस. सहज बोलता बोलता सांग, की आमच्या अप्पांचा पहिला नको मोजायचा नसतो, दुसराही नुसता तोंडदेखला असतो, आणि तिसरा आम्ही कुणी अजून ऐकलेला नाही. मला राग नाही, तिच्याविषयी तर मुळीच नाही. तिला तिच्या आईवडिलांनी सरळ बोलायला शिकवलं, मला माझ्यांनी उलट. आता या वयात मी बदलणार नाही आणि ती कशाला बदलेल? पण तिने आणखी एकदा विचारावं. एकदाच. या खेपेला मी लगेच हो म्हणेन. फार तर 'कशाला उगाच' म्हणेन. ते तिने हो धरावं. 'तुला त्रास' म्हणालो तरी तेही हो धरावं.

तुझ्याकडे चार दिवस येईन, पण खोली परत मिळाल्यावर. वादिराजांना सांग की मोटरीचं सगळं सावकाश ऐकेन.

जर्मन लोक सोमवारी येताहेत, पोरी. ती त्यांना कुठली खोली देणार ते त्याआधीच ठरेल. आज बोल तिच्याशी. आणि ती काय म्हणाली ते त्यागराजच्या फोनवर लगेच कळव. त्याचं दुकान मिटेपर्यंत मी इथेच बाहुल्यांत बसून आहे.